तुल्यबळ परग्रहवासी

एच. जी. वेल्सकडे दोन मूळपुरुषपदं जातात. १८९८ मध्ये 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही मंगळवासीयांच्या हल्ल्याची कादंबरी पुस्तकरूपानं आली आणि परग्रहावरून पृथ्वीवर होणाऱ्या स्वारीचा साचा पडला. १९१३ मध्ये त्याच माणसानं 'लिटल वॉर्स' लिहून खेळण्यातल्या सैनिकांच्या लढायांचे नियम छापले. आजचं मिनिएचर वॉरगेमिंग आपली वंशावळ तिथून मोजतं. पण 'लिटल वॉर्स'मध्ये मंगळवासी नाहीत. तिथल्या फौजा तोलूनमापून सारख्या आहेत, स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी तुकडा सुटतो आणि जो सैनिक आडवा होईल तो मेला. कादंबरीत बरोबरीचा प्रश्नच येत नाही. गोऱ्यांनी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचं काय केलं याची आठवण वेल्स पहिल्याच प्रकरणात करून देतो, आणि मग इंग्लंडवर तीच वेळ आणतो.

विज्ञानकथेवरचे टेबलावरचे युद्धखेळ आज तंत्राच्या बाबतीत कधी नव्हे इतके पुढे गेलेत. तरी स्वारी नावाची गोष्ट त्यांना क्वचितच खेळवता येते, असं माझं मत आहे.

'वॉरहॅमर ४०,०००' घ्या. १९८७ मध्ये रिक प्रिस्टलीनं लिहिलेली पहिली आवृत्ती अघळपघळ होती. तिला दोन खेळाडूंखेरीज प्रसंग रचणारा तिसरा माणूस हवा असायचा, आणि त्या काळच्या 'व्हाइट ड्वार्फ' मासिकात डिओडरंटच्या रिकाम्या बाटलीपासून रणगाडा कसा करायचा तेही शिकवलं जायचं. त्या जगातले टायरनिड हे परग्रहवासी ग्रहच्या ग्रह खाऊन टाकतात. माती, समुद्र, हवा, काही शिल्लक ठेवत नाहीत. २०२३ मध्ये दहावी आवृत्ती आली तीही त्यांनाच घेऊन. प्रत्यक्ष टेबलावर काय घडतं? दोन्हीकडे दोन-दोन हजार गुणांच्या किमतीची फौज, पाच फेऱ्या, आणि विश्वभक्षक झुंड ताब्यात घ्यायच्या ४० मिलिमीटरच्या चकतीभोवती गर्दी करून गुण मिळावेत म्हणून शहाण्यासारखी उभी! समोरचा माणूस फासे टाकतो: आधी नेम लागला का, मग जखम झाली का, मग चिलखतानं वाचवलं का. हेच फासे मानवी सैनिकांनाही पडतात. आकडे वेगळे, व्याकरण तेच. त्यामुळे परका हा परका न राहता वेगळ्या कातडीचा प्रतिस्पर्धी होतो.

यामागचं कारण उघड आहे आणि ते क्षुद्रही नाही. गुणांची समानता असली की एकमेकांना न ओळखणारे दोघे दुकानात भेटून तीन तास खेळू शकतात. स्पर्धा भरवता येतात. 'वॉरहॅमर' काढणारी नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप कंपनी २०२४ च्या अखेरीस लंडनच्या फुट्सी १०० निर्देशांकात जाऊन बसली, त्यात या सोयीचा वाटा मोठा असणार. फक्त या सोयीपायी भीती गेली.

ती भीती याच कंपनीनं एकदा पकडली होती. १९८९ चा 'स्पेस हल्क' हा माझ्या मते या प्रकारातला आजवरचा सर्वोत्तम खेळ आहे, आणि तो बरोबरीचा आव आणत नाही. एका बाजूला अवजड चिलखतातले मोजके सैनिक, भंगार अंतराळजहाजाच्या अरुंद बोळांत अडकलेले. दुसऱ्या बाजूला जीनस्टीलर नावाचे परग्रहवासी, न संपणारे. सैनिकाला एका फेरीत चार कृती, जीनस्टीलरला सहा. ते आधी समोर येतच नाहीत. पटावर फक्त 'ब्लिप'ची चकती सरकत येते, आणि तिच्याखाली एक आहे की तीन, हे उलटल्यावरच कळतं. पहाऱ्यावरचा सैनिक आपोआप गोळी झाडतो खरा, पण दोन फाशांवर जोडी पडली की बंदूक अडकते. वर मानवी खेळाडूलाच घड्याळ लावलेलं, समोरच्याला मात्र सवडच सवड. घाई, अज्ञान आणि अपुरी हत्यारं ही तिन्ही नियमांतूनच येतात, त्यासाठी पुस्तकात पानभर रक्तरंजित वर्णन लागत नाही.

बाकीच्यांत २०१२ चा 'ड्रॉपझोन कमांडर' लक्षात राहतो. त्यात स्कर्ज नावाचे परजीवी परग्रहवासी आधीच पृथ्वी बळकावून बसलेत आणि माणूस आपलंच घर परत घ्यायला बाहेरून उतरतोय. प्रमाण १० मिलिमीटरचं, म्हणजे माणसाची आकृती साधारण तेवढी उंच, म्हणून शहर शहरासारखं दिसतं. प्रमाणाचा मुद्दा वरवरचा नाही. दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा दरवाजापेक्षा उंच असला तरी आपल्याला चालतो. इथे चालत नाही. वेल्सच्या मंगळवासीयांचं शंभर फुटी तिपायी यंत्र नेहमीच्या २८ मिलिमीटरच्या प्रमाणात करायचं तर अर्धा मीटर उंच होईल. 'ऑल क्वाएट ऑन द मार्शियन फ्रंट' या खेळानं म्हणूनच १८ मिलिमीटर पत्करले आणि एकेका तिपायीवर रणगाड्यांचे थवे सोडले. कल्पना योग्य होती. मँटिक कंपनीचा 'मार्स अटॅक्स' नुसता विनोदी, त्यावर जास्त बोलण्याजोगं नाही.

या खेळांतल्या आकृत्यांच्या रंगकामाबद्दल तक्रारीला जागा नाही. २०१९ मध्ये कॉन्ट्रास्ट रंग आले. फिकट प्रायमरवर एकच हात मारला की रंग खाचांत दाटतो, उंचवट्यांवर पातळ होतो आणि नवशिक्याच्या झुंडीलाही छायाप्रकाश मिळतो. रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरनं तर घरोघरी कारखाना काढलाय. पण इतकं स्वातंत्र्य मिळून शिल्पकार घडवतात काय? लांबट कवटी, बरगड्या, नख्या, शेपूट. १९७९ च्या 'एलियन' चित्रपटाची सावली अजून हटत नाही. सहज छापता येतं म्हणून डोळ्यांपुढे नवं काही येतंच असं नाही.

मला आशा वाटते ती एकट्यानं खेळायच्या खेळांकडून. 'फाइव्ह पार्सेक्स फ्रॉम होम'सारख्या खेळात शत्रूला खेळाडूच नसतो. तो चालून येणार, दबा धरणार की आडोशाला राहणार, हे नियम ठरवतात. समोर माणूस नसला की त्याला जिंकण्याची समान संधी देण्याचं बंधन उरत नाही, आणि आक्रमक खरोखर आक्रमकासारखा वागू शकतो. उणीव एवढीच, की चार-सहा खेळींनंतर त्याच्या सवयी कळायला लागतात. त्यावर उपाय शोधायला मोठ्या कंपन्यांना फारशी घाई नाही, कारण एकट्यानं खेळणाऱ्याला एकच फौज पुरते, आणि तीही तो बहुधा घरीच छापतो.