नाममुद्रेतील दुसरे नाव

लावणीचे अध्यापन आपल्याकडे बहुधा काव्य म्हणून होते. वृत्त, अलंकार आणि शृंगार यांची मोजदाद झाली की विवेचन आटोपते. ही दृष्टी अपुरी असल्याचा पुरावा खुद्द होनाजीच्या रचनेतच सापडतो. त्याच्या लावणीच्या अखेरीस ‘होनाजी बाळा’ अशी मुद्रा येते. नवख्या वाचकास ते एकाच व्यक्तीचे नाव वाटते. वस्तुतः होनाजी शिलारखाने हा रचणारा आणि बाळा करंजकर हा गाणारा. गाणाऱ्याचे नाव कवीने आपल्या नावाशी असे गुंफावे, ही गोष्ट सामान्य नव्हे. श्रोते केवळ शब्दांसाठी जमत नव्हते, ही त्याची कबुलीच म्हणावयाची.

ढोलकीच्या जागी तबला आणून बैठकीच्या लावणीस रागदारीचे वळण दिल्याचे श्रेय परंपरा होनाजीस देते. परंतु एकच चरण आळवीत राहावयाचे तर शब्दांची दाटी परवडत नाही. राम जोशी यांच्या संस्कृतप्रचुर, यमकबद्ध रचनेशेजारी होनाजीची भाषा मोकळी वाटते. या मोकळेपणाचे कारण आपण कवीच्या स्वभावात शोधतो. मला ते बाळाच्या गळ्यात अधिक दिसते.

या बैठकीचा आश्रयदाता दुसरा बाजीराव. आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला, १८१८ मध्ये पेशवाईच संपली, आणि लावणीला दरबाराऐवजी जत्रेतल्या गर्दीकडे पाहावे लागले. १८६५ च्या सुमारास उमाजी सावळजकरांच्या ‘मोहना बटाव’पासून तमाशात वग आला. शतक संपता संपता पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) आणि हिवरगावची पवळा ही जोडी गाजू लागली.

येथेही लोक दोन्ही नावे जोडीनेच घेत. मात्र लावणीवरची मुद्रा बापूरावांची. तोवर नाच्या पोऱ्या नाचत असे. त्या फडावर स्त्री म्हणून प्रथम उभी राहिल्याचा मान पवळेस दिला जातो. तिच्याविषयी आपण लिहितो ते ब्राह्मण कवी आणि महार नर्तकी यांच्या आख्यायिकेपुरते. तिच्या कलेविषयी जवळजवळ काहीच नाही. नृत्य कागदावर उतरत नाही, ही सबब खरी, पण पुरेशी नाही. बापूरावांच्या रचनेत ध्रुपद कोठे परतते, ओळ कोठे एकाएकी तुटते आणि ढोलकीच्या तोड्यास जागा कोठे सुटते, हे टिपून ठेवता येते. पवळेची पावले शोधावयाची ती त्या रिकाम्या जागांत.