कागदाच्या तळाशी ऐकू येणारा आवाज

स्पीच थेरपिस्टच्या टेबलावर असणाऱ्या कागदांमध्ये एक कागद असा आहे, जो साहित्यकृतीसारखा सावकाश वाचावा. त्याचं नाव ‘केप-व्ही’, म्हणजे कन्सेन्सस ऑडिटरी-पर्सेप्च्युअल इव्हॅल्युएशन ऑफ व्हॉइस. कानाने ऐकून आवाजाचं मोजमाप करण्याची ही पद्धत २००२ च्या जूनमध्ये पिट्सबर्ग इथे जमलेल्या तज्ज्ञांनी एकमताने ठरवली आणि २००९ मध्ये त्यामागची भूमिका सविस्तर छापून आली. सगळा ऐवज एका पानाचा. दोन स्वर, सहा वाक्यं, थोड्या गप्पा आणि खाली १०० मिलिमीटर लांबीच्या काही आडव्या रेघा. इतक्या थोड्या सामग्रीत केवढी योजना भरली आहे, हे कळायला एका विशिष्ट मुलाचा आवाज या कागदापुढे आणावा लागतो: पॉम्पे आजाराच्या मुलाचा.

त्या आवाजाची पार्श्वभूमी आधी सांगायला हवी. डच विकृतिशास्त्रज्ञ जे. सी. पॉम्पे यांनी १९३२ मध्ये सात महिन्यांच्या एका मुलीच्या प्रचंड वाढलेल्या हृदयाचं वर्णन केलं. तिच्या स्नायूंत ग्लायकोजेन साचून राहिलं होतं. ते का साचतं याचं उत्तर १९६३ मध्ये बेल्जियमच्या हेर्स यांनी दिलं: पेशीतल्या लायसोसोममध्ये ग्लायकोजेन फोडणारं एक एन्झाइम या मुलांत नसतं किंवा फार कमी असतं. जन्मानंतर लगेच दिसणाऱ्या तीव्र प्रकारात उपचाराविना बहुतेक बाळं पहिला वाढदिवसही पाहत नसत. पुढे १९९९ मध्ये रॉटरडॅममध्ये चार बाळांना सशांच्या दुधातून मिळवलेलं एन्झाइम देऊन पाहिलं गेलं, आणि २००६ मध्ये प्रयोगशाळेत पेशींपासून तयार केलेल्या एन्झाइमला अमेरिकेत आणि युरोपात मान्यता मिळाली. दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध घेत ही मुलं वाढू लागली, बसू लागली, काही चालू लागली. आणि बोलूही लागली.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. आजार वैद्यकाला ठाऊक होता, पण त्याच्या तीव्र प्रकारातली पाच वर्षांची मुलं बोलतात कशी, हे ऐकायची संधी आधीच्या पिढ्यांतल्या डॉक्टरांना जवळजवळ मिळालीच नव्हती. औषध हृदयाला चांगलं लागू पडलं, कंकाली स्नायूंना तितकं नाही. चेहरा, जीभ, मऊ टाळू, श्वासपटल यांत अशक्तपणा उरला. काहींना ऐकायलाही कमी येतं. त्यामुळे मूल गेंगाणं बोलतं, आवाज बारीक आणि दमलेला, शब्द सैल. २००२ चा कागद लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मुख्यतः स्वरयंत्राचे आजार होते. तो या नव्या आवाजापुढे कसा उतरतो, ही या वाचनाची खरी कसोटी.

सुरुवात दोन स्वरांनी होते. ‘आ’ आणि ‘ई’, प्रत्येकी तीन ते पाच सेकंद, तीनदा. निरोगी मुलाला हा खेळच वाटतो. पॉम्पेच्या मुलाच्या बाबतीत मात्र इथेच दोन गोष्टी कळतात. पहिली श्वासाची: पाच सेकंद स्वर धरायचा तर खालून हवेचा एकसारखा दाब हवा, आणि या आजारात श्वासपटल विशेष दुबळं असतं. तिसऱ्या खेपेचा ‘आ’ पहिल्यापेक्षा आखूड आला, शेवट विझत गेला, की घशाच्या आधी छातीकडे बघावं लागतं. दुसरी गोष्ट ‘आ’ आणि ‘ई’ यांच्यातल्या फरकाची. ‘ई’ म्हणताना जीभ वर चढते, तोंडातली वाट अरुंद होते. टाळू नीट मिटत नसेल, तर हवा नाकाकडे वळायला एवढं कारण पुरतं. म्हणून तेच मूल ‘आ’ला बरं आणि ‘ई’ला नाकात ऐकू येतं.

मग सहा वाक्यं येतात. अर्थाने ती अगदी साधी, थोडी विस्कळीतच आहेत: एका वाक्यात ईस्टरला अंडी खाणारे लोक, एकात लिंबाचा जॅम करणारी आई, एकात शिखरावर टिकून राहणारा पीटर. अर्थाला इथे काहीच किंमत नाही, प्रत्येक वाक्य ध्वनीसाठी बांधलेलं आहे. पहिल्यात इंग्रजीतले वेगवेगळे स्वर ओवलेले. दुसरं ‘ह’काराने भरलेलं, म्हणजे आवाज हळुवार, श्वासासकट सुरू व्हावा असं. तिसऱ्यात एकही अघोष ध्वनी नाही, त्यामुळे स्वरतंतूंना सुरुवातीपासून शेवटपर्यंत उसंत नाही. चौथ्यात शब्दांची सुरुवात वारंवार स्वराने होते, तंतूंना दर वेळी एकमेकांवर जोरात आपटावं लागतं. पाचवं अनुनासिकांचं. सहावं अघोष स्फोटक व्यंजनांचं.

क्रम लावणाऱ्यांची नजर पारखी होती असं मला मनापासून वाटतं. दुसऱ्या वाक्यात हवा सढळ हाताने खर्च होते, त्यामुळे ज्याच्याकडे हवाच थोडी आहे ते मूल वाक्याच्या मध्येच श्वास घेतं. तिसऱ्यात त्याला ती काटकसरीने वापरावी लागते. चौथ्यात एक ठाम आघात करण्याची ताकद उरली आहे का, ते कळतं. स्वरतंतूंवर गाठ असलेला मुलगा या वाक्यात घासल्यासारखा, ताणून बोलतो. अशक्त स्नायूंच्या मुलाकडून तो आघात होतच नाही, स्वर मऊपणे घरंगळत सुरू होतो. दोघांचेही आवाज आईला बिघडलेलेच वाटतात, पण बिघाडाची जात निराळी आहे, आणि ती या एका वाक्यातून वेगळी काढता येते.

या रचनेचं मर्मस्थळ मात्र पाचव्या आणि सहाव्या वाक्यांच्या सांध्यावर आहे. ते मराठीतून दाखवणं सोपं जाईल, कारण आपली वर्णमालाच तशी मांडलेली आहे. ‘प फ ब भ म’ या ओळीत पाचही वर्णांना ओठ तेच मिटतात. ‘ब’ आणि ‘म’ यांत तर ओठांचं काम एकच आणि कंठाचं कामही एकच. फरक करतो तो मऊ टाळू: ‘ब’ला तो वर जाऊन नाकाची वाट बंद करतो, ‘म’ला खाली राहून मोकळी ठेवतो. ज्या मुलाचा टाळू वर जात नाही, त्याचं ‘बाबा’ ऐकणाऱ्याला ‘मामा’ वाटतं. मूल चुकलेलं नसतं. त्याने ओठ मिटले, आवाज काढला, सगळं केलं. एक स्नायू वेळेवर उठला नाही, इतकंच.

आता त्या दोन वाक्यांच्या जागी नमुन्यादाखल दोन मराठी वाक्यं घेऊ. ‘मामानं मनूला नवीन माळ आणली.’ यात तोंडात हवा कोंडून धरावी लागेल असं एकही व्यंजन नाही, नाकातून हवा जाणं इथे बरोबरच आहे. पॉम्पेचं मूल हे वाक्य बऱ्यापैकी छान म्हणतं. आईवडिलांचे चेहरे खुलतात. लगेच दुसरं घ्यावं: ‘काकाचा पोपट पटापट पेरू खातो.’ इथे एकही अनुनासिक नाही, आणि ‘क’, ‘च’, ‘ट’, ‘त’, ‘प’ या प्रत्येकासाठी तोंडात हवेचा दाब साठवून सोडावा लागतो. मघाचंच मूल, मघाचाच श्वास, आणि वाक्य कोसळतं. ‘पोपट’मधले ‘प’ पुसट होतात, नाकातून फुसफुस ऐकू येते, नाकाखाली धरलेल्या छोट्या आरशावर धुकं जमतं.

अनुभवी थेरपिस्ट इथे थांबत नाही. मुलाचं नाक दोन बोटांनी अलगद मिटून तेच वाक्य पुन्हा म्हणायला सांगतो. नाक मिटल्यावर ‘पोपट’ खणखणीत आला, तर गळती टाळूपाशी होती. नाक मिटूनही ‘प’ सैलच राहिला, तर ओठांकडे बघायचं, कारण या आजारात चेहऱ्याचे स्नायूही दुबळे असतात आणि हवा ओठांच्या फटीतूनही निसटते. दोन्ही थोडं थोडं असू शकतं. पुढचा उपचार या बारीक निवाड्यावर ठरतो. टाळू उचलून धरणारं दंतवैद्यकीय उपकरण ओठांच्या अशक्तपणाला उपयोगी पडणार नाही. केप-व्हीच्या कर्त्यांनी पाचवं आणि सहावं वाक्य शेजारी ठेवून मुलाच्याच एका आवाजाला त्याच्या दुसऱ्या आवाजाशी तोलायची सोय केली. बाहेरचा कुठलाही मापदंड इतका न्यायी नसतो.

वाक्यांनंतर गप्पा, निदान वीस सेकंदांच्या. वाक्यं म्हणताना मूल सावध असतं, गप्पांत ते मोकळं होतं आणि दमही लवकर लागतो. आवाज बोलता बोलता उतरत जातो का, हे इथे कळतं. थोड्या विश्रांतीने तो लक्षणीय भरून आला, तर मायस्थेनियासारख्या निराळ्या आजाराचीही शंका घ्यावी लागते.

इथपर्यंत ऐकणं. आता मोजणं, म्हणजे कागदाचा खालचा भाग. एकूण तीव्रता, घोगरेपणा, आवाजात मिसळलेला श्वास, ताण, पट्टी आणि आवाजाची मोठाई अशा सहा रेघा. ऐकणाऱ्याने प्रत्येक रेघेवर एक खूण करायची, डावीकडून मिलिमीटर मोजायचे. ऐकणारा माणूस आहे आणि माणसाच्या कानाला पायऱ्यांपेक्षा उतार कळतो, हे या रेघांनी मान्य केलं आहे. दोन कसलेले कान ताणाच्या बाबतीत अनेकदा एकमेकांशी जुळत नाहीत, हेही खरं. म्हणून आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवायचा आणि सहा महिन्यांनी शक्यतो त्याच कानाने पुन्हा ऐकायचा.

पॉम्पेच्या मुलासाठी या सहा रेघांवर खुणा करत गेलं, की एक विचित्र गोष्ट लक्षात येते. घोगरेपणा जेमतेम. ताण जवळजवळ नाही. मोठाई कमी. एकूण चित्र सौम्य दिसतं, आणि समोरचं मूल तर बोलताना दमून गेलेलं. त्याची खरी लक्षणं कुठे आहेत? सहा रेघांच्या खाली दोन रेघा कोऱ्या सोडल्या आहेत. त्याखाली अनुनादाविषयी एक ओळ. त्याखाली बारीक टाइपात ‘इतर वैशिष्ट्यं’, आणि त्यांच्या उदाहरणांत अशक्तपणा आणि ओलसर, गुळगुळणारा आवाज यांची नावं. गेंगाणेपणा, दमलेपणा आणि घशात लाळ किंवा अन्न रेंगाळल्याची सूचना देणारा ओला आवाज ही तिन्ही या मुलाची मुख्य लक्षणं, आणि तिन्ही कागदाच्या तळाशी. ओला आवाज तर कधीच दुर्लक्षू नये, कारण तो गिळण्याच्या अडचणीकडे, पर्यायाने फुप्फुसाच्या धोक्याकडे बोट दाखवतो.

जपानच्या मिनोरू हिरानो यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या ‘जी-आर-बी-ए-एस’ या जुन्या श्रेणीत अशक्तपणाला स्वतंत्र अक्षर होतं. केप-व्हीत ते मुख्य रांगेतून खाली गेलं. स्वरयंत्राच्या दवाखान्यात ही उणीव फारशी बोचणार नाही, स्नायूंच्या आजारात ती नक्की बोचते. तरीही कर्त्यांना मी दोष देणार नाही. आपल्याला सगळे आवाज ऐकून झालेले नाहीत हे जाणूनच त्यांनी दोन रेघा कोऱ्या ठेवल्या. कोऱ्या रेघेवर ‘अशक्तपणा’ लिहून १०० पैकी ७० वर खूण करणारा थेरपिस्ट त्या कागदाचा आदरच करतो. ज्याला हे सुचत नाही, तो ‘सौम्य’ असा अहवाल देऊन मोकळा होतो, आणि पुढचे डॉक्टर तो अहवाल खरा धरून चालतात.

कागदाला एक जोड मात्र हवीच. कान दवाखान्यातला आवाज ऐकतो, घरातला आणि वर्गातला नाही. त्यासाठी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली मुलांसाठीची व्हॉइस हँडिकॅप इंडेक्स ही २३ प्रश्नांची यादी आहे. ती पालकांनी भरायची असते. आवाजामुळे मुलाच्या रोजच्या व्यवहारात, शरीरावर आणि मनावर काय होतं, असे तिचे तीन भाग. रेघांवर ४० मिळालेल्या मुलाच्या आईची उत्तरं कधी ८० मिळालेल्या मुलाच्या आईपेक्षा जास्त काळजीची असतात. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावेत.

आपल्याकडे पॉम्पे हा आजार २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात नोंदलेला आहे आणि मुंबईचं केईएम रुग्णालय त्या धोरणाखालचं एक उत्कृष्टता केंद्र आहे. औषधाचा खर्च कसा उभा राहील ही घरच्यांची पहिली चिंता असते आणि ती रास्तच आहे. पण औषध सुरू झाल्यावर मूल वाढणार, आणि वाढणारं मूल बोलणार. त्याचं बोलणं पारखायला इंग्रजी वाक्यांचं भाषांतर चालणार नाही. जॅमच्या जागी मुरंबा आणला तर अर्थ टिकेल, पण ज्या ध्वनींसाठी ते वाक्य बांधलं ते राहतीलच असं नाही. मराठी वाक्यं मराठी ध्वनींवरून नव्याने बांधावी लागतील, निरोगी आणि आजारी अशा दोन्ही मुलांवर तपासून पाहावी लागतील, आणि त्यांत ‘ब’ व ‘म’ समोरासमोर यायला हवेत. केप-व्हीकडून शिकायची आहे ती बांधणी. तीत एकच भर घालावी: स्नायूंच्या आजाराच्या मुलांसाठी छापताना अशक्तपणा, गेंगाणेपणा आणि ओला आवाज या तीन रेघा कागदाच्या माथ्यावर घ्याव्यात, म्हणजे ऐकणाऱ्याचा कान पहिल्या मिनिटापासून तिकडे राहील.