साडेतीन वांव पाण्यातली विद्या

परदेशांतील मराठी मंडळांच्या स्मरणिकांतून ज्या कलांचा गौरव करण्याचा शिरस्ता पडून गेला आहे, त्या बहुधा व्यासपीठावर चढणाऱ्या असतात : नाट्यगीत, लावणी, ढोलताशा, फार तर रांगोळी. प्रस्तुत लेखाचा विषय झालेली विद्या व्यासपीठावर चढवावयाची म्हटली, तर तिच्याबरोबर एक अख्खा तलाव आणि जानेवारीतील एक गारठलेली पहाट उचलून आणावी लागेल. आणि एवढा खटाटोप करूनही प्रेक्षकांस दिसणार ते इतकेच, की ऐंशीच्या घरातील एक गृहस्थ होडीत बसून काहीही करीत नाहीत. कोकणात या काहीही न करण्याला गरवणे म्हणतात.

देवगडच्या खाडीवर ज्यांचे बालपण गेले ते हे गृहस्थ, ज्यांना आम्ही सारे काका म्हणतो, निवृत्तीनंतर मिसिसिपी राज्यातील ऑलिव्ह ब्रँच या गावी मुलाकडे आले, आणि घरातील गरम पाण्याचा नळ कोणता हे कळण्यापूर्वीच मासळीचे जवळपासचे चांगले पाणी कोणते याची त्यांनी चौकशी केली. ते पाणी सार्डिसचे निघाले. १९२७ साली मिसिसिपी नदीच्या महापुराने जो प्रलय मांडला, त्यानंतर याझूचे खोरे पुरापासून राखावे या हेतूने लष्कराच्या अभियंता-खात्याने लिटल टॅलहाची नदीवर मातीचे धरण घालून १९४० साली जो जलाशय सिद्ध केला, त्याचा दस्तूर मोठा चमत्कारिक आहे. उन्हाळ्यात समुद्रसपाटीपासून २६० फुटांवर राखलेली त्याची पातळी, येणाऱ्या पुरास जागा मोकळी असावी म्हणून, हिवाळ्यात २३६ फुटांवर उतरवितात. एवढे पाणी निघून गेले म्हणजे मैल-मैल चिखलाची मैदाने उघडी पडतात, आणि मासा उरल्यासुरल्या खोलीकडे, धरणाच्या पायथ्याशी आणि बुडालेल्या नदीच्या जुन्या पात्रात गोळा होतो.

या मासळीचे नाव क्रॉपी. पांढरी आणि काळी अशा तिच्या दोन जाती असून, पाठीवरचे काटे मोजले असता पांढरीस पाच-सहा आणि काळीस सात-आठ भरतात. शेजारच्याच एनिड तलावात १९५७ साली सापडलेली पांढरी क्रॉपी ५ पौंड ३ औंस भरली आणि जागतिक विक्रम म्हणून नोंदली गेली. तेव्हापासून या मुलखातील प्रत्येक गरवणारा तिच्या वंशजांच्या शोधात आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ती धरण्याची इथली रीत अशी, की होडीच्या मागे निरनिराळ्या लांबीच्या काठ्या पंख्यासारख्या पसरून त्यांच्या दोरांस क्रँकबेट बांधावयाचे आणि ते संथपणे ओढीत न्यावयाचे. क्रँकबेट म्हणजे लाकडाचा अथवा प्लॅस्टिकचा खोटा मासा. त्याच्या हनुवटीस एक चपटी जीभ असते. होडीने ओढ दिली की पाणी त्या जिभेवर आदळते आणि एरवी तरंगणारा तो जीव डोके खाली घालून, अंग डोलवीत बुडी मारतो. बँडिट नावाची या जातीची प्रसिद्ध आमिषे मूळची तलावाच्याच नावाच्या सार्डिस गावातली, हेही सांगून ठेवावयास हवे. कारण ही विद्या आपण कोकणातून इकडे आणली असे लिहिण्याचा मोह स्मरणिकेत फार होतो, आणि तो सर्वस्वी अप्रामाणिक आहे. काका ती इथल्याच वृद्ध शेतकऱ्यांकडून, निम्मे बोलणे न समजता, शिकले. त्यांनी बरोबर आणले ते फक्त बोट.

त्या बोटाचे काम हिवाळ्यात सुरू होते. सात-आठ अंश सेल्सिअसच्या पाण्यात या शीतरक्त जिवाची सारी हालचाल मंदावलेली असते. उन्हाळ्यात ताशी दीड-दोन मैलांनी ओढलेल्या आमिषामागे झेपावणारी क्रॉपी आता एका मैलाच्या वेगामागेही नाखुशीने येते. तेवढ्यावर भागत नाही, कारण आमिष स्वतःच्या जिभेच्या बळावर जेमतेम बारा फूट उतरते आणि मासा असतो त्याच्याही खाली. म्हणून दोरास शिसे बांधावयाचे, किंवा ज्याच्या पोटातच शिशाची तार असते आणि ज्याचा रंग दर दहा वारांवर बदलतो असा दोर सोडावयाचा. शिसे आले की वेग आणि खोली ही दोन निराळी प्रकरणे राहात नाहीत : होडी मंदावली की सारा सरंजाम खाली जातो, वेगावली की वर येतो. काका म्हणूनच सरळ जात नाहीत. ते नागमोडी वळणे घेतात. वळणाच्या बाहेरच्या बाजूची आमिषे भरभर ओढली जाऊन वर चढतात, आतल्या बाजूची रेंगाळून खाली बसतात, आणि कोणत्या बाजूची काठी वाकते यावरून त्या दिवशीचा वेग आणि खोली मासाच सांगून टाकतो. मधल्या वेळी प्रत्येक काठीच्या शेंड्याची बारीक थरथर ते बोटाने चाचपीत असतात. थरथर थांबली म्हणजे आमिषाला पाचोळा लागला, आणि पाचोळा लागलेले आमिष तासभर ओढले तरी व्यर्थ. मला दहा वेळा हात लावून जे कळत नाही, ते त्यांना हात लावण्यापूर्वी कळते असा माझा संशय आहे.

पहिल्या खेपेस काठी वाकलेली पाहताच मी ती उचलून जोराने ओढली, आणि दोर रिकामा आला. काका रागावले नाहीत. ‘हिसको मारू नको रे,’ एवढेच म्हणाले, ‘तेचा तोंड कागदाचा आसा.’ इथले लोकही हिला कागदी तोंडाचीच म्हणतात.

सरकारी बाजूही थोडी सांगतो. मिसिसिपीचा रहिवासी पासष्ट वर्षांचा झाला की त्यास परवाना लागत नाही, वयाचा आणि वास्तव्याचा पुरावा खिशात असला म्हणजे पुरे. मी मेंफिसचा, म्हणजे टेनेसी इलाख्यातला, त्यामुळे ज्याच्या हाताला काहीच लागत नाही त्यानेच परक्याची जास्त फी भरावयाची अशी ही न्यायव्यवस्था आहे. टेक्ससमधील लेक फोर्क तलावावर तर १ डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत असा हुकूम असे, की पंचवीसची मर्यादा भरेतो आलेली प्रत्येक क्रॉपी, लहान असली तरी, ठेवूनच घ्यावयाची. कारण फार खोलातून वर काढलेल्या माशाचा वाताशय फुगतो आणि सोडून दिलेला मासा जगत नाही. सार्डिसवर उलट बारा इंचांखालची सोडावी लागते. टेक्ससचा हुकूम मी वाचून दाखविल्यापासून काकांनी सार्डिसच्या सर्वांत खोल डोहाकडे होडी नेणे बंद केले आहे.

होडीत खोली दाखविणारा पडदा आहे. तरीही काठ्या मांडण्यापूर्वी काका शिशाचा ओळंबा तळापर्यंत सोडतात आणि वर घेताना ओला दोर दोन्ही हात पसरून, म्हणजे वांवांनी, मापतात. परवा पडद्यावर २१ फूट होते. काका म्हणाले, ‘साडेतीन वांव.’ मग त्यांच्या दहा वर्षांच्या नातीने, थंडीने लाल झालेले हात पसरून, तोच दोर पुन्हा मापला आणि इंग्रजी वळणाच्या मराठीत ठामपणे सांगितले, ‘साडेचार.’ मी पडद्याकडे बोट दाखविणार तोच काकांनी मला डोळ्यांनी थांबविले.

‘बरोबर आसा,’ ते म्हणाले, ‘हात वाढले की हिशोब आपोआप जुळतलो.’ आणि तिला ओळंबा पुन्हा सोडावयास सांगितले.