व्हीएमला 'सेटअप'च्या परिच्छेदात कोंबू नका

कर्नल फझिंगवरचे चार-पाच पेपर एका बैठकीत वाचून बघा. नवी कल्पना तीन-चार पानं, आलेख दोन पानं, आणि मध्ये कुठेतरी एक वाक्य: प्रयोग क्यूईएमयू व्हर्च्युअल मशीनवर केले. व्हीएम किती होती, प्रत्येकाला मेमरी किती, खालच्या खऱ्या मशीनवर त्याच वेळी दुसरं काय चालू होतं, हे बऱ्याचदा सापडतच नाही. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मलाही ते वाक्य पुरेसं वाटायचं. आता वाटत नाही, आणि त्यात माझे सहा आठवडे गेलेत.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. फझिंग म्हणजे प्रोग्रॅमला आपोआप तयार केलेलं वेडंवाकडं इनपुट देत राहायचं आणि तो कधी कोसळतो ते बघायचं. 1988 साली विस्कॉन्सिन विद्यापीठात बार्टन मिलर यांनी हे विद्यार्थ्यांना प्रोजेक्ट म्हणून दिलं. 1990 च्या त्यांच्या पेपरात युनिक्सचे रोजच्या वापरातले प्रोग्रॅम तपासले होते, त्यातले पाव ते एक तृतीयांश कोसळले किंवा अडकले. प्रोग्रॅम कोसळला तर ऑपरेटिंग सिस्टम मागे उभी असते. ती नोंद घेते, पुढचं इनपुट सुरू. कर्नल कोसळला तर मागे कोणीच नसतं, फझरही त्याच्याबरोबर जातो. म्हणून कर्नल व्हीएममध्ये ठेवायचा आणि सूत्रं बाहेर. गूगलमध्ये दिमित्री व्ह्युकोव्ह यांनी सुरू केलेलं सिझकॉलर असंच चालतं: बाहेर मॅनेजर, आत व्हीएममध्ये सिस्टम कॉलचा मारा. व्हीएम मेलं की मॅनेजर कन्सोलवरचा मजकूर जपून ठेवतो आणि नवं व्हीएम उभं करतो.

इथपर्यंत व्हीएम म्हणजे फक्त सुरक्षित खोली वाटते. पण तुम्ही मोजता ते सगळं याच खोलीतून बाहेर येतं. कव्हरेज, म्हणजे कर्नलचा किती कोड चालून झाला, ते केकोव्ह सांगतं. मेमरीतल्या चुका कासान पकडतो. दोन्ही कर्नल बांधतानाच चालू करावे लागतात. कासान मेमरीचा आठवा हिस्सा स्वतःच्या हिशेबासाठी ठेवून घेतो, म्हणजे 2 जीबीच्या व्हीएममधले 256 एमबी आधीच गेले, शिवाय वेग उतरतो तो वेगळाच. व्हीएमला एकच सीपीयू दिला तर दोन थ्रेड खरोखर एकाच क्षणी कधीच चालत नाहीत, मग रेसचे बग दुर्मीळ होतात. हे आकडे बदलले की निकाल बदलतो. मग ते 'सेटअप' कसे?

माझं काय झालं ते सांगते. आमच्या विभागातला सर्व्हर मुळात स्वतःच एक व्हीएम होता. त्याच्या आत पुन्हा व्हीएम वेगाने चालवायचं तर केव्हीएम लागतं, आणि ते तिथे उपलब्ध नव्हतं. क्यूईएमयूने चालू व्हायलाच नकार दिला. शोधल्यावर उपाय मिळाला: कॉन्फिग फाइलमधून केव्हीएमचा पर्याय काढून टाका. काढला, चाललं, मी खूश. केव्हीएमशिवाय क्यूईएमयू प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरमध्ये भाषांतर करून चालवतं, आणि वेग कित्येक पटींनी खाली येतो. हे मला तीन आठवड्यांनी कळलं, तेही एका सीनियरने सहज विचारलं म्हणून, "सेकंदाला किती प्रोग्रॅम चालतायत गं?"

मग मी प्रयोग घरी आणले. मी माणमध्ये राहते, हिंजवडी फेज तीनच्या काचेच्या इमारती दिसतात अशा एका भाड्याच्या खोलीत. सोळा थ्रेडचं, 32 जीबीचं सेकंडहँड मशीन घेतलं. उत्साहाच्या भरात बारा व्हीएम लावली, प्रत्येकाला दोन सीपीयू. म्हणजे सोळा थ्रेडवर चोवीस सीपीयूंचा बोजा. सकाळी उठून बघते तर यादी भरलेली: टास्क अडकला, आरसीयू थांबलं, मशीनकडून आउटपुट नाही. मला वाटलं बग सापडले. त्यातला एकही पुन्हा घडवून दाखवता आला नाही. कर्नलमध्ये 'फार वेळ झाला, अडकलंय' असं ओळखणारी घड्याळं असतात, आणि खालचं मशीन दमलेलं असेल तर ती उगाच वाजतात. शेवटी चार व्हीएम, दोन-दोन सीपीयू, 2-2 जीबी यावर आले. दोन रात्री लाइट गेली, ते दोन रन टाकून दिले.

सगळ्यात मोठी चूक मात्र यानंतर झाली. आधी मूळ सिझकॉलर चालवलं, मग माझे बदल केलेलं. माझ्या बदलांचं कव्हरेज बरंच जास्त आलं. आलेख काढला, प्रगती अहवालाचा मसुदा लिहिला, गाइड मॅडमना पाठवला. त्यांनी एकच प्रश्न लिहून परत पाठवला: "तुमची रेघ पहिल्या पंधरा मिनिटांतच इतकी वर कशी?" दोन्ही वेळा मी कामाचा फोल्डर तोच ठेवला होता. सिझकॉलर त्या फोल्डरमध्ये आतापर्यंत जमवलेल्या उपयोगी इनपुटचा साठा ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करतं. वापरणाऱ्यासाठी ही सोय आहे. तुलना करणाऱ्यासाठी? माझ्या बदलांनी आदल्या रनची कमाई वापरली होती.

आता टीका. या क्षेत्रात प्रयोग कसे करावेत यावर सगळ्यांनी वाचावा असा पेपर म्हणजे जॉर्ज क्लीस, मायकेल हिक्स आणि सहकाऱ्यांचा 2018 चा. त्यांनी फझिंगचे 32 पेपर तपासले आणि प्रत्येकात प्रयोगाची काही ना काही खोट दाखवली: एकाच रनवर निष्कर्ष, सांख्यिकी चाचणी नाही, सुरुवातीचं इनपुट कुठून आलं ते नाही. त्यांनी स्वतः 24 तासांचे 30-30 रन केले. पेपर निर्भीड आहे आणि माझी फोल्डरची चूक त्यांच्या 'सुरुवातीचं इनपुट' या मुद्द्यात चपखल बसते. तो मी वाचलेला होता. तरीही चुकले, कारण त्यांच्या डोळ्यासमोर साधा प्रोग्रॅम आहे. तिथे सुरुवातीचं इनपुट तुम्ही हाताने देता, ते दिसतं. कर्नलच्या बाबतीत ते मॅनेजरच्या फोल्डरमध्ये लपलेलं असतं. साधा प्रोग्रॅम दर इनपुटला कोरा सुरू होतो. कर्नल तसा होत नाही, आधीच्या हजार सिस्टम कॉलचा गाळ आत साचलेला असतो आणि तो कधी साफ होणार हे व्हीएम कधी रीस्टार्ट होतं यावर ठरतं. हा थर त्या चर्चेत नाही.

आणि 30 रनचा हिशेब करा. दोन साधनं, प्रत्येकी 30 रन, प्रत्येकी 24 तास: एका मशीनवर साठ दिवस. एक पॅरामीटर बदलला की पुन्हा साठ. मोठ्या प्रयोगशाळेला ही रक्कम किरकोळ आहे. त्यांची मागणी चूक नाही, पण ती परवडत नसेल तर काय कमी करायचं आणि काय अजिबात नाही, हे कोणी लिहीत नाही. मी दहा रनवर थांबते आणि तसं स्पष्ट लिहिते. 2024 मध्ये आलेल्या एका आढाव्याने 150 फझिंग पेपर वाचले आणि आठ प्रयोग पुन्हा करून बघितले. 2018 चा सल्ला अजूनही पुरता पाळला जात नाही, असंच त्यातून दिसतं.

सिझकॉलरच्या मार्गदर्शक पानांवरही माझा थोडा राग आहे. ती पानं चांगली आहेत. डेबियनची इमेज बनवा, हे पर्याय चालू करा, चालवा. एका संध्याकाळी काम होतं. पण ती बग शोधणाऱ्यासाठी लिहिलेली आहेत, मोजणाऱ्यासाठी नाहीत, आणि आपण विद्यार्थी त्यातली उदाहरणाची कॉन्फिग उचलून तिला प्रयोगाची रचना समजतो. दोष पानांचा कमी, आपला जास्त.

उलट उदाहरण पुण्यातच आहे. टीसीएस रिसर्चच्या संशोधकांनी, त्यात पुण्याचेही, व्हेरिफझ हा फझर केला आणि 2019 च्या टेस्ट-कॉम्प स्पर्धेत उतरवला. तो सी प्रोग्रॅमसाठी आहे, कर्नलसाठी नाही. पण डर्क बायर यांच्या त्या स्पर्धेचे नियम बघा: प्रत्येक रनला आठ कोअर, 15 जीबी मेमरी, 15 मिनिटं सीपीयू वेळ, आणि त्या मर्यादा पाळल्या जातात की नाही हे बघणारं वेगळं साधन. 15 मिनिटं मला फार कमी वाटतात. सुरुवातीला मागे असलेला फझर पुढे निघून जातो हे क्लीस यांनीच दाखवलंय. तरी त्या निकालाशी भांडायचं तर कशाशी भांडायचं ते माहीत असतं. कर्नलच्या पेपरांशी भांडायला आधी मेल लिहून व्हीएमची मेमरी विचारावी लागते.

तर मी सगळं पुन्हा चालवतेय. दर रनला नवा फोल्डर, तीच इमेज, डिस्कवरचे बदल रन संपला की टाकून दिलेले, एका वेळी एकच साधन, खालच्या मशीनवर ब्राउझरसुद्धा बंद. सहा-सहा रन झालेत. माझ्या बदलांची रेघ मूळ रेघेच्या किंचित वर आहे, आणि दोन रनमध्ये खाली. अहवालातला तो आलेख काढून टाकलाय. त्याच्या जागी आता व्हीएमचा तक्ता आहे, अर्ध्या पानाचा. मॅडमनी त्यावर काही लिहिलेलं नाही, फक्त कासान इनलाइन होता का एवढं विचारलंय. होता. तक्त्यात टाकायचं राहिलं होतं.