स्नेप आपला की परका?

पोफळी हे चिपळूण तालुक्यातले, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचे गाव. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने इकडे येते आणि डोंगराच्या आत बांधलेल्या वीजघरात त्याची वीज होते. बाहेरून पाहावे तर नुसती झाडी. हे लहानपणापासून पाहिलेल्या आम्हां मुलांना हॅरी पॉटरमधली लंडनच्या भिंतीआड दडलेली बाजारपेठ फारशी नवलाची वाटली नाही. नवल वाटले ते त्या पुस्तकांतल्या एका मास्तरांचे. त्यांचे नाव सेव्हरस स्नेप.

१६ जुलै २००५ रोजी या मालिकेचे सहावे पुस्तक आले आणि २१ जुलै २००७ रोजी सातवे व शेवटचे. मधली दोन वर्षे जगभरचे वाचक एका प्रश्नावर भांडत होते. सहाव्या पुस्तकाच्या शेवटी स्नेप आपल्याच मुख्याध्यापकांना, डंबलडोरना, ठार करतो. मग हा माणूस कोणाचा? दुष्ट व्होल्डेमॉर्टचा, की ज्यांना त्याने मारले त्या डंबलडोरचाच?

हे भांडण पोफळीतही झाले. आम्ही चार-पाच भावंडे, आणि आमच्यात प्रत एकच, तीही इंग्रजी. ज्याचे इंग्रजी बरे त्याने वाचायचे आणि रात्री बाकीच्यांना मराठीत सांगायचे. मंजुल पब्लिशिंग हाऊसने काढलेले मराठी अनुवाद आमच्या हाती पुढे आले. पहिल्या पुस्तकातल्या दगडाला त्यांत ‘परीस’ म्हटलेले पाहून आम्हांला ती गोष्ट एकदम घरची वाटली.

घरची ती आधीपासूनच होती, हे दादीने आम्हांला दाखवून दिले. जादूची पुस्तके वाचणे बरे नव्हे, असे घरातले काही वडीलधारे म्हणत. दादी मात्र हसायची. तिने लहानपणी अमीर हमजाची दास्तान ऐकली होती. अमर अय्यारच्या झंबीलमध्ये अख्खे शहर मावते आणि त्याची गिलीम पांघरली की माणूस दिसेनासा होतो, हे तिला ठाऊक होते. हॅरीचा अंगरखा आणि शेवटच्या पुस्तकातली हर्मायनीची मण्यांची पिशवी तिला नवी वाटण्याचे कारणच नव्हते. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे जाडजूड खंड काढले, ते वाचणारे आणि ऐकणारे लोक आमच्यासारखेच पात्रांवरून हुज्जत घालत असणार.

पण एक फरक आहे, आणि समीक्षेच्या दृष्टीने तो मोठा आहे. दास्तानीत बाजू बदलणारी पात्रे आहेत. महरुख आणि बहार या जादूगारणी बादशहा अफरासियाबची साथ सोडून राजपुत्र असदच्या बाजूला येतात. पण त्या उघड येतात, सैन्यासह येतात. कोण कोणाचा, हे ऐकणाऱ्याला कळते. स्नेपचे तसे नाही. तो दोन्ही दरबारांत बसतो आणि दोन्हीकडे त्याच्यावर संशय आहे. लेखिका जे. के. रोलिंग यांनी वाचकाला सहा पुस्तके हॅरीच्या डोळ्यांनी पाहायला लावले, आणि हॅरीला तर स्नेप पहिल्या दिवसापासून आवडत नाही. म्हणजे संशय हा इथे पात्राचा गुण नसून पाहणाऱ्याचा आहे.

आमच्यात तीन पक्ष पडले. एकाचे म्हणणे, खून केला तो केला, आता पुरावा द्या. दुसऱ्याने खुणा गोळा केल्या होत्या: डंबलडोरचा हात आधीच करपून गेलेला होता आणि शेवटच्या क्षणी त्यांनी स्नेपला केलेली विनवणी जिवासाठी नसावी. तिसरा पक्ष आपाचा. ती म्हणायची, डंबलडोरनी त्याच्यावर भरवसा ठेवला, तेवढे पुरे. बदगुमानी करू नये, हे मदरशात शिकलो ते काय फक्त पाठ करायला? आम्ही तिला हसायचो.

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. आमच्यातला ‘पुरावा द्या’ म्हणणारा तेव्हा मुंबईत शिकायला होता आणि भाड्याची खोली शोधत होता. फोनवर खोली रिकामी असायची आणि नाव सांगितले की ती नुकतीच गेलेली असायची. ईदला तो घरी आला तेव्हा स्नेपचा विषय पुन्हा निघाला. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “पुरावा मागणाऱ्याला पुरावा कधी पुरतो का?” तेव्हापासून तो आपाच्या पक्षात गेला.

सातवे पुस्तक आले आणि आपा जिंकली. स्नेप डंबलडोरचाच होता. मरणार असलेल्या डंबलडोरनीच त्याला तसे करायला सांगितले होते. हॅरीच्या आईवर, लिलीवर, त्याचे लहानपणापासून प्रेम होते, आणि आपले हे रूप कोणाला कळू नये, अशी त्याची अट होती. आम्ही त्या रात्री टाळ्या वाजवल्या. आपला निघाला!

आज तिशी-पस्तिशीत ते पान पुन्हा वाचताना टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत. स्नेपची निष्ठा सिद्ध होते ती तो मरताना. त्याच्या आठवणी हॅरीच्या हाती पडतात आणि हॅरी त्या पाहतो, तोवर तो गेलेला असतो. हा साचा आम्ही ओळखतो. मराठी कथा-कादंबऱ्यांत आणि हिंदी सिनेमात आपल्या नावाची माणसे फार वेळा दोनच कामांना आली: एक तर दगाबाज म्हणून, नाहीतर जीव देऊन इमान पटवणारा दोस्त म्हणून. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागे हीही सल होती. स्नेपवर आमचा जीव जडला तो बहुधा यामुळेच. पण ज्या साच्याने आम्हांला कोंडले, त्याच साच्यात बसणाऱ्या पात्रासाठी आम्ही टाळ्या वाजवल्या, हे कबूल केले पाहिजे.

रोलिंगबाईंना मात्र त्या साच्यात पूर्ण अडकवता येत नाही. स्नेप निष्ठावान आहे, पण भला नाही, हे त्यांनी पानोपानी लिहून ठेवले आहे. नेव्हिल नावाच्या भित्र्या मुलाला तो वर्गात इतका छळतो की, तिसऱ्या पुस्तकात त्या मुलाची सगळ्यात मोठी भीती स्नेपचे रूप घेऊन कपाटातून बाहेर येते. ज्या भाकितामुळे लिलीचे घर उद्ध्वस्त झाले, ते व्होल्डेमॉर्टला नेऊन सांगणारा तोच. पुढे तो तिच्यासाठी दयेची भीक मागतो, पण तिच्या नवऱ्यासाठी आणि मुलासाठी नाही. आणि ऐन तारुण्यात रागाच्या भरात त्याने लिलीला जन्मावरून शिवी दिली होती, तिचे रक्त घाणेरडे असल्याची. त्याचा स्वतःचा बाप जादूगार नव्हता, तरीही. चाहते हे सारे प्रेमाच्या खाती टाकून मोकळे होतात. शेवटी हॅरी आपल्या मुलाला स्नेपचे नाव देतो आणि त्याच्या धैर्याची तारीफ करतो. ती तारीफ खरी आहे. पण धैर्य म्हणजे चांगुलपणा नव्हे, हे वाचकाने विसरू नये.

त्या शिवीवरून अलीकडेच घरात एक गोष्ट झाली. आपाची मुलगी आता ही पुस्तके वाचते आहे. घरात एका स्थळाची बोलणी चालली होती आणि कोणीतरी म्हणाले, मुलगा शिकलेला आहे, पण खानदान आपल्या बरोबरीचे नाही. पोरीने पुस्तकातून मान वर केली आणि विचारले, “म्हणजे मॅल्फॉयच्या बापासारखे?” कोणी उत्तर दिले नाही. रक्ताच्या शुद्धतेचा माज बाळगणाऱ्या त्या घराण्याला आम्ही दोन वर्षे शिव्या घातल्या होत्या. आपल्या बैठकीतही तेच बोलले जाते, हे त्या शिव्यांत आम्हांला कधी ऐकू आले नव्हते.

मुलांच्या पुस्तकांवरच्या गप्पांना आपल्याकडे समीक्षा म्हणत नाहीत. परंतु पात्राचा न्याय करता करता स्वतःचा न्याय करावा लागणे, याहून वेगळे समीक्षेत काय असते?

मुलगी स्नेपबद्दल काय म्हणते, असे आम्ही आपाला विचारले. आपा म्हणाली, तिच्या पिढीला सगळा शेवट आधीच ठाऊक असतो, त्यामुळे तो कोणाचा हा प्रश्न तिला पडतच नाही. ती एवढेच म्हणते की, तो शूर होता आणि मास्तर म्हणून वाईट होता. आमच्या दोन वर्षांच्या भांडणात हे वाक्य एकदाही आले नव्हते. मराठीत आपल्या नावाचे एखादे पात्र यावे, आणि ते आपले की परके हे न विचारता वाचकाने त्याच्याबद्दल असेच बोलावे: मास्तर म्हणून बरा होता की वाईट. आम्हांला त्या पुस्तकाची वाट पाहायची आहे, आणि जमले तर ते लिहायचेही आहे.