फुकटची चित्रपट्टी आणि पोटाचा प्रश्न



रोहन चक्रवर्ती यांचं ‘ग्रीन ह्यूमर’ तुमच्यापैकी ज्यांनी पाहिलं असेल, त्यांनी ते बहुधा फोनवर पाहिलं असेल आणि फुकट पाहिलं असेल. आम्हीही तसंच पाहिलं. एका जुन्या विद्यार्थ्यानं एक चित्रपट्टी पाठवली होती, आणि तिच्या खालचं चित्रकाराचं नाव कोणीतरी मधेच कापून टाकलेलं होतं. शोधाशोध केली तेव्हा कळलं की चित्रकार आपल्या नागपूरचे.

व्यंगचित्रावर बोलताना समीक्षक रेषेबद्दल बोलतो, विनोदाबद्दल बोलतो. चित्रकाराची चूल कशी पेटते, हे विचारणं त्याला कमीपणाचं वाटतं. आम्हाला वाटत नाही. चित्र ज्या पैशावर जगतं, तो पैसा चित्राच्या आत शिरतो. कधी चित्राचं भलं करतो, कधी वाटोळं करतो. आज आसगावात बोलायचं आहे ते यावर.

आधी हकीकत. चक्रवर्ती शिक्षणानं दंतवैद्य. नागझिऱ्याच्या जंगलात एका वाघिणीला पाण्यात डुंबताना पाहिलं आणि आयुष्याची दिशा बदलली, असं ते स्वतः सांगतात. नागझिरा म्हणजे आपलंच, भंडारा-गोंदियाचं रान. २०१० साली त्यांनी वन्यजीवांवरची ही मालिका इंटरनेटवर सुरू केली. २०१३ मध्ये ‘युनिव्हर्सल यूक्लिक’ या अमेरिकन संस्थेनं ती जगभर वितरणासाठी घेतली. असं भाग्य लाभलेली ही पहिली भारतीय चित्रमालिका. पुढं वृत्तपत्रांतली सदरं आली, पुस्तकं आली, अभयारण्यांचे चित्रमय नकाशे आले. २०२१ मध्ये पेंग्विननं ‘ग्रीन ह्यूमर फॉर अ ग्रेइंग प्लॅनेट’ काढलं. म्हणजे मूळ पट्टी आजही फोनवर फुकट दिसते, आणि तिच्या मागोमाग येणारं काम मात्र पैशाचं असतं.

पूर्वी हे कसं चालायचं? २१ नोव्हेंबर १९९१ ला ‘सकाळ’मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ सुरू झाला. सकाळी चहासोबत लोक आधी चिंटू वाचायचे, मग अग्रलेख. (अग्रलेख वाचायचे की नाही, ते सोडा.) चिंटूसाठी वेगळे पैसे कोणी दिले नाहीत, पण अंकाची किंमत देत होते आणि त्यातूनच चित्रकाराचं मानधन निघत होतं. दिवाळी अंकांचंही तेच: अर्धा भार जाहिरातदार उचलायचा, अर्धा वाचक, आणि ‘आवाज’सारख्या अंकात व्यंगचित्रकाराला हक्काची जागा असायची. वाचक चित्रकाराला पोसत होता, फक्त त्याला ते ठाऊक नव्हतं. इंटरनेटनं मधला संपादक काढला. चित्रकार मोकळा झाला, पण संपादकाबरोबर मानधनाचं पाकीटही गेलं.

स्वतःचा प्रचार स्वतः करणं ही मात्र इंटरनेटची देणगी नाही. शि. द. फडणीस यांनी ‘हसरी गॅलरी’ हे आपल्या चित्रांचं प्रदर्शन गावोगाव नेलं. मासिकाच्या मुखपृष्ठावर हसलेला माणूस तिथं पाय वाजवत यायचा. फडणीसांच्या चित्रात शब्द नसतो, म्हणून ते चित्र कुठंही टांगा, दुभाषा लागत नाही. पोटापाण्याच्या दृष्टीनंही ही मोठी गोष्ट आहे, तिच्याकडे शेवटी येऊ.

बाहेरच्या जगातली दोन उदाहरणं पाहू. रँडल मन्रो यांचं ‘एक्सकेसीडी’ २००५ साली सुरू झालं. काडीची माणसं, गणिताचे विनोद, सगळं फुकट. संसार चालला टी-शर्ट आणि पोस्टरवर. रिच बर्ल्यू यांनी २०१२ मध्ये आपल्या ‘ऑर्डर ऑफ द स्टिक’ची पुस्तकं पुन्हा छापायला वाचकांकडे पैसे मागितले आणि साडेबारा लाख डॉलरांच्या वर जमले. जी गोष्ट वाचकांनी वर्षानुवर्षं फुकट वाचली होती, तिच्याच छापील प्रतीसाठी त्यांनी ही रक्कम मोजली. एक गोष्ट ध्यानात ठेवा, दोघांचेही वाचक इंग्रजी वाचणारे, जगभर पसरलेले, आणि घरी बसून कार्डानं पैसे देण्याची सवय झालेले.

आता ‘ग्रीन ह्यूमर’कडे चित्र म्हणून पाहू. आमच्या मते या मालिकेचं खरं यश असं, की तिनं कॉमिकचे वाचक शोधलेच नाहीत. पक्षी पाहणारे, वनखात्यातली माणसं, शाळेतले शिक्षक, जंगलात राबणारे संशोधक, असे लोक तिला मिळाले. त्यांच्या विषयाला हसणारं आणि तरीही विषय पक्का माहीत असणारं दुसरं कोणी नव्हतं. प्रसिद्धीसाठी वेगळा आटापिटा करावा लागला नाही, कारण एका पक्षीवाल्यानं दुसऱ्याला पाठवलं की काम झालं.

तिच्यातल्या उत्तम पट्ट्यांत विनोद प्राण्याच्या खऱ्या स्वभावातून निघतो. बेडूक बेडकासारखा वागतो म्हणून हसू येतं. शिवाय वटवाघूळ, साप, कोळी अशा कोणी न विचारलेल्या जिवांना तिथं मान आहे. आपल्या बाजूच्या उमरेड-करांडल्यात ‘जय’ वाघ होता. नागझिऱ्यातून आला, देशभर गाजला, एप्रिल २०१६ नंतर दिसेनासा झाला. वाघाला प्रसिद्धी मिळतेच. बेडकाला मिळवून द्यायला चित्रकार लागतो.

कमकुवत पट्ट्याही आहेत. तिथं प्राणी प्राणी राहत नाही, सभेतला वक्ता होतो. तोंडात आकडेवारी, हातात फलक. चित्र झाकून नुसता मजकूर वाचला तरी काही बिघडत नाही. असं का व्हावं? आमचा तर्क असा: जंगलाची चिंता वाहणाऱ्या संस्था चांगलं काम करतात, आणि त्या काम देतात तेव्हा त्यांना संदेश पोहोचायला हवा असतो. संदेश पोहोचवणं वाईट नाही. पण विनोदाला जी थोडी बेजबाबदार जागा लागते, ती त्यात आकसते. मालिकेचा बराच भाग या सापळ्यातून निसटतो, हे चित्रकाराचं श्रेय.

स्वतंत्र या शब्दाची फोड केली तर ‘स्व’ आणि ‘तंत्र’ निघतात. स्वतःच्या तंत्रानं चालणं, एवढाच अर्थ. आधार नसणं हा अर्थ त्यात नाही. स्वतंत्र वेबकॉमिकला आधार लागतोच. प्रश्न इतकाच की आधाराची दोरी कोणाच्या हातात आहे. डिसेंबर २०११ मध्ये अण्णा हजारे यांचं मुंबईत उपोषण चालू असताना असीम त्रिवेदी यांची व्यंगचित्रांची वेबसाइट मुंबई पोलिसांच्या सांगण्यावरून बंद झाली. पुढच्या सप्टेंबरात तर राजद्रोहाच्या आरोपाखाली मुंबईत अटकही झाली. ती चित्रं आम्हाला फार सूक्ष्म वाटत नाहीत, ते वेगळं. पण घर स्वतःचं आणि जमीन भाड्याची असली की काय होतं, हे तिथं दिसलं.

मग वाचकानंच थेट पैसे द्यावेत, हा उपाय पुढं येतो. पेट्रिऑनसारख्या सोयी २०१३ पासून आहेत: दरमहा थोडी रक्कम द्यायची आणि चित्रकारानं काम करत राहायचं. आमचे एक स्नेही म्हणाले, सर, हे तर आपलं जुनं बलुतं! वर्षभर सेवा, सुगीला धान्य. उपमा कानाला गोड लागते, पण दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली येऊन गेल्यावर ती अशी सहज वापरता येत नाही. बलुतेदाराला धंदा निवडता येत नव्हता, सोडता येत नव्हता, आणि हक्काचं धान्य भीक घातल्यासारखं पदरात पडत होतं. वर्गणीत चित्रकार सुटू शकतो. देणाराही सुटू शकतो, कोणत्याही महिन्यात. साम्य एवढंच की पैसे नगामागे नाहीत, वर्षभराच्या असण्याचे आहेत. तेवढं घ्यावं.

फरक मात्र आणखी एक आहे. बलुतेदाराला गाव जातीनं ओळखायचं. इथं चित्रकाराचं नाव हेच त्याचं सगळं भांडवल. ते नाव कापून आपण चित्र पुढं पाठवतो, तेव्हा आवडलं म्हणून पाठवतो, द्वेषानं नाही. पण ते पाहून ज्याला पुस्तक घ्यायचं असतं, सदर द्यायचं असतं, त्याला चित्रकार सापडत नाही. फुकट पाहण्यापेक्षा हे जास्त महागात पडतं, आणि हे कोणी परकी कंपनी करत नाही, आपण करतो.

थोडा हिशेब. केव्हिन केली यांनी २००८ मध्ये मांडलं की कलावंताला हजार खरे चाहते पुरेत. प्रत्येकानं वर्षाला शंभर डॉलर द्यावेत. मराठीत शंभर डॉलर कोण देतो बापा! समजा पाचशे वाचकांनी महिन्याला पन्नास रुपये दिले, तर पंचवीस हजार होतात. त्यातून यंत्र, इंटरनेट, कर. पुण्यात भाड्यातच जातील, आसगावात घर चालेल. लहान गावात राहण्याचा हा फायदा कोणी बोलत नाही. पण पाचशे देणारे मिळवायला पाहणारे किती तरी पट लागतात, आणि त्यांना वर्षं लागतात. तोवर नोकरी, शिकवणी, शेती, जे असेल ते सोडू नये.

आपल्या झाडीपट्टीच्या नाटकाकडे पाहा. वडशाच्या कंपन्या, दिवाळीनंतरचा हंगाम, मंडई, शंकरपट. गावचं मंडळ कंपनीशी करार करतं, तिकिटं विकतं, प्रयोग रात्रभर चालतो. २०२३ मध्ये याच रंगभूमीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. तिथं प्रेक्षक आधी पैसे देतो, मग पाहतो, कारण मंडपाला दार आहे. वेबकॉमिकला दार नाही. दार लावलं तर नवखा माणूस आत येणारच नाही. म्हणून दार दुसरीकडे बसवावं लागतं: पुस्तकाला, प्रदर्शनाला, शाळेतल्या कार्यशाळेला.

व्याख्यानाआधी इथल्या एका मुलीनं विचारलं, चित्रपट्टी झाडीबोलीत करू, प्रमाण मराठीत करू, की इंग्रजीत? ती फोनवरच काढते, धानाच्या बांधीवरच्या गोष्टी. हात चांगला आहे. इंग्रजीनं ‘ग्रीन ह्यूमर’ला जगाचं दार उघडलं हे खरं, पण त्यांच्या पट्टीला वाचक मिळाले ते विषयामुळे, आणि बांधीचा विषय हिच्याकडे आहे. झाडीबोलीत काढ. फक्त फडणीसांची आठवण ठेवून शब्द कमी कर. ज्याला बोली कळत नाही त्यालाही चित्र कळलं पाहिजे. नाव कोपऱ्यात टाकू नको, चित्राच्या मधोमध, बैलाच्या झुलीवर, धानाच्या पोत्यावर टाक, म्हणजे कापता येणार नाही. आणि वर्षभराच्या पट्ट्यांचं बत्तीस पानी पुस्तक मंडईत नाटकाच्या मंडपाबाहेर मांड. क्यूआर कोड लावशील तो लाव, पण त्या गर्दीत नेटवर्क बसतं. किंमत एका नोटेची ठेव, सुट्ट्याची भानगड नको.