श्रोता शेवटी का?

महाविद्यालयात भाषणकलेचा प्राथमिक अभ्यासक्रम सुरू झाला, की फळ्यावर बहुधा एक आकृती येते. डावीकडे वक्ता, मधे संदेश आणि माध्यम, उजवीकडे श्रोता. बाणावर एक वेडीवाकडी रेघ, ती म्हणजे अडथळा. पुढे कधीतरी श्रोत्याकडून वक्त्याकडे परतणारा आणखी एक बाण काढतात, तो प्रतिसाद.

या आकृतीचे मूळ क्लॉड शॅनन यांच्या १९४८ सालच्या शोधनिबंधात आहे. त्यांच्यापुढचा प्रश्न टेलिफोनसारख्या यंत्रणांचा होता: तारेत खरखर असूनही पाठवलेला संकेत दुसऱ्या टोकाला अचूक कसा मिळवायचा? संदेशाच्या अर्थाशी या प्रश्नाचा संबंध नाही, असे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले होते. भाषणात तर अर्थालाच महत्त्व. आपण आकृती घेतली आणि तिची अट मात्र सोडून दिली.

त्याने काय बिघडते? समजा, भाषणाचा विषय कोयनेचा भूकंप आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सुमारे ६.३ मॅग्निट्यूडचा धक्का बसला आणि सुमारे १८० माणसे दगावली. शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागले होते १९६२ पासून. शास्त्रज्ञ सर्वसाधारणपणे असे मानतात, की खडकांत ताण आधीच साठलेला होता. पाण्याचे वजन आणि भेगांत झिरपलेल्या पाण्याचा दाब यांमुळे भ्रंशावरचे खडक सरकले. म्हणजे धरणाने भूकंपाला चालना दिली. ताण निर्माण केला नाही.

हे वाक्य दूरच्या शहरात नुसती माहिती ठरेल. कोयनानगरच्या शाळेत समोर भूकंपात घर पडलेल्यांची नातवंडे असतील, तशी धरणावर नोकरी करणाऱ्यांची मुलेही असतील. एकाला ते धरणाचा दोष झाकणे वाटेल, दुसऱ्याला धरणावरचा आरोप. आवाज स्वच्छ, अडथळा शून्य, तरीही दोघांनी दोन वेगळी भाषणे ऐकली! आकृतीत हे दिसत नाही, कारण तिथे श्रोता म्हणजे रिकामे भांडे.

नवख्या विद्यार्थ्याला बोलण्याचे घटक सुटे करून दाखवायला आकृती उपयोगी आहे, हे मान्य. पण 'प्रतिसाद' भाषण संपल्यावर येऊन काय उपयोग? ॲरिस्टॉटलने भाषणाचे प्रकार पाडले तेच मुळी श्रोत्यांवरून. म्हणून तयारीही श्रोत्यापासून सुरू व्हावी. ऐकणाऱ्यांना आधीच विचारावे, 'पाण्याने भूकंप कसा होईल?' मग तिरप्या फळीवर वीट ठेवावी. ती घसरायच्या बेतात येईपर्यंत फळी उचलावी आणि विटेला बोट लावावे. वीट कशाने घसरली, उताराने की बोटाने? या प्रश्नावर वर्ग बोलू लागला, की 'चालना' हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आपल्या वक्तृत्व स्पर्धांत पाठांतर, उच्चार, हावभाव यांना गुण असतात. श्रोत्याला काय कळले, याला सहसा नसतात. चार श्रोत्यांना एकेक वाक्य लिहायला सांगितले, तरी ही मोजणी होते. कोयना परिसरात १९६७ नंतरही पाचपेक्षा मोठ्या मॅग्निट्यूडचे अनेक भूकंप झाले आहेत. तिथे घर कसे बांधावे, कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा, हे लोक अशाच बोलण्यातून ठरवतात. तिथे टाळ्या मोजून भागत नाही.